स्वतः उभारले, स्वतःच मोडले

हेरपटांचा साचा ठरलेला असतो. कुणी माथेफिरू शास्त्रज्ञ दूरच्या बेटावर बसून जगावर राज्य करण्याचा बेत रचतो आणि एकटा गुप्तहेर तो उधळून लावतो. १९६२ सालच्या ‘डॉ. नो’ या पहिल्या बाँडपटात खलनायक शेवटी स्वतःच्याच अणुभट्टीच्या पाण्यात बुडून मरतो. आपण सुटकेचा निःश्वास टाकून घरी परततो.

वाचकहो, या चित्रपटाच्या सुमारे वीस वर्षे आधी अशी एक मोहीम खरोखरच घडली होती. जग जिंकायला हिटलर निघाला होता. पण त्याच्या राज्यात अणुसंशोधन करणारे शास्त्रज्ञ माथेफिरू नव्हते. त्यांत हायझेनबर्गसारखे नोबेल मिळवलेले प्राध्यापक होते. अणुभट्टीसाठी त्यांना ‘जड पाणी’ हवे होते. ते बनवणारा कारखाना नॉर्वेत व्हेमोर्क येथे होता आणि नॉर्वे १९४० मध्येच जर्मनीच्या ताब्यात गेला होता.

या कारखान्याच्या उभारणीत लाइफ ट्रॉन्स्टाड या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाचा मोठा वाटा होता. १९४१ मध्ये ते निसटून इंग्लंडला पोहोचले. ब्रिटनच्या ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ या गुप्त संघटनेने तो कारखाना निकामी करायचे ठरवले, तेव्हा कुठे घाव घालायचा हे सांगायला तेच पुढे आले. जे हातांनी उभारले तेच मोडण्याचा नकाशा त्यांनी आखून दिला!

नोव्हेंबर १९४२ मधला पहिला प्रयत्न फसला. सैनिकांना नेणारी ग्लायडर विमाने कोसळली आणि वाचलेल्यांना जर्मनांनी ठार केले. मग फेब्रुवारी १९४३ मध्ये सहा नॉर्वेजियन तरुण पॅराशूटने बर्फात उतरले. त्यांचा म्होरक्या योआकिम रोनेबर्ग अवघा २३ वर्षांचा होता. डोंगरात आधीच दबा धरून बसलेले साथीदार त्यांना येऊन मिळाले. पुलावर पहारा होता, म्हणून ते खोल दरीत उतरून पलीकडचा कडा चढले. सुरुंगाची वात पेटवणार, इतक्यात तिथला म्हातारा रखवालदार म्हणाला, ‘माझा चष्मा राहिला!’ युद्धकाळात नवा चष्मा मिळणे कठीण. त्या तरुणांनी आधी चष्मा शोधून दिला, मगच वात पेटवली. एकही गोळी न झाडता सुमारे ५०० किलो जड पाणी वाहून गेले.

पण गोष्ट इथे संपत नाही. उरलेले जड पाणी जर्मनीला हलवले जात असताना, २० फेब्रुवारी १९४४ रोजी टिन सरोवरातली ‘हायड्रो’ ही बोट बुडवण्यात आली. तीत १८ माणसे गेली. त्यांतली १४ नॉर्वेचीच होती. आपलीच माणसे मरणार हे ठाऊक असूनही तो निर्णय घ्यावा लागला. ट्रॉन्स्टाड स्वतः मार्च १९४५ मध्ये मायदेशी मारले गेले.

युद्धानंतर कळले, की जर्मनी अणुबाँबपासून बरीच दूर होती. बाँब तयार झाला तो अमेरिकेत आणि ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा-नागासाकीवर पडला. तो बनवणारेही शहाणे, सुशिक्षित, कुटुंबवत्सल लोक होते.

म्हणून पडद्यावरच्या वेड्या शास्त्रज्ञाची फारशी भीती वाटत नाही. तो लगेच ओळखू येतो. विद्या कुणाच्या हाती जाते आहे, हा प्रश्न शहाण्यांनीच विचारायचा असतो. ट्रॉन्स्टाडांनी तो विचारला. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलांना सूत्रांबरोबर त्यांची ही गोष्टही जरूर सांगावी.