अनोळखी नावाची खातरजमा

मार्चअखेरचे दिवस होते. बँकेच्या नोकरीत असताना या दिवसांत घरी वेळेवर जेवण होणेही दुरापास्त असे. निवृत्तीनंतर मात्र भूमच्या घरी सकाळी निवांत वर्तमानपत्र चाळण्याचे सुख लाभते. अशाच एका सकाळी शेजारचा तरुण व्यापारी घाईघाईने आला. त्याचा खव्याचा व्यवसाय आहे. आमच्या तालुक्यात गावोगावी खव्याच्या भट्ट्या आहेत. तेथून माल घ्यायचा, बाहेरगावी पाठवायचा आणि दूधवाल्यांचा, भट्टीवाल्यांचा हिशेब ठरल्या दिवशी चुकता करायचा, हा त्याच्या घरचा जुना रिवाज. वडिलांच्या काळात हे सारे कीर्द-खतावणीत असे, आता संगणकात असते.

"काका, संगणक नुसता घुमतोय, बिल निघंना. आत व्हायरस शिरलाय. त्याला बंद करायला गेलो तर मलाच म्हणतो, परवानगी नाही!"

त्याच्या दुकानात जाऊन मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या. 'टास्क मॅनेजर' उघडला. त्या क्षणी संगणकात जी जी कामे चालू आहेत, त्यांची ही हजेरीपत्रिकाच असते. कोणते काम किती प्रोसेसर, किती स्मृती आणि किती डिस्क व्यापून बसले आहे, हे तेथे दिसते. यादीत सर्वांत वर नाव होते 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल'. आमच्या मित्राने त्यातील 'मालवेअर' तेवढे वाचले होते, 'अँटी' वाचायचे राहिले होते. हा विंडोजचा स्वतःचा पहारेकरी. तो फाइली तपासत होता, म्हणून यंत्र मंदावले होते. पहारेकऱ्याला कोणी सहज हटवू नये, अशी व्यवस्था विंडोजने मुद्दाम केलेली असते. परवानगी नाकारली गेली ती त्यामुळे. तासाभरात तपासणी संपली आणि बिले निघू लागली.

बँकेत ग्राहकाला समोरचा काउंटर दिसतो. मागे बसून धनादेश वटवणारे, व्याज आकारणारे, ताळेबंद जुळवणारे लोक त्याला दिसत नाहीत. संगणकाचेही तसेच आहे. आपण उघडलेले दोन-तीन प्रोग्रॅम म्हणजे काउंटर, आणि पडद्यामागे शंभराहून अधिक प्रक्रिया चालू असणे ही नित्याची गोष्ट. 'सर्व्हिस होस्ट' हे एकच नाव यादीत पन्नास-साठ वेळा दिसले, तरी दचकण्याचे कारण नाही. विंडोजच्या अनेक सेवा स्वतंत्रपणे चालत नाहीत, त्यांना हा यजमान लागतो. २०१७ पासून विंडोज १० मध्ये पुरेशी स्मृती असलेल्या यंत्रांवर बहुतेक सेवांना वेगवेगळा यजमान मिळू लागला, म्हणून ही गर्दी वाढली. 'सिस्टम आयडल प्रोसेस' तर मोठी गमतीची. तिच्यापुढे पंच्याण्णव टक्के दिसले की लोक घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच, की प्रोसेसर पंच्याण्णव टक्के रिकामा बसला आहे!

भीतीपोटी माणूस आपल्याच हाताने नुकसान करून घेतो, याचे एक जुने उदाहरण आहे. २००२ साली जगभर एक ई-मेल फिरला होता. 'तुमच्या संगणकात अस्वलाच्या बाहुलीचे चित्र असलेली अमुक फाइल सापडेल. तो व्हायरस आहे, ती पुसून टाका आणि ओळखीच्या सर्वांना कळवा,' असा त्यात मजकूर होता. लोकांनी शोधले, तर चित्रासह फाइल खरोखरच सापडली. ती विंडोजसोबत येणारी जावा भाषेसंबंधीची निरुपद्रवी फाइल होती. अनेकांनी ती पुसली आणि मेल पुढे पाठवला. त्या प्रकरणात व्हायरस कोठे नव्हताच.

मग अनोळखी नाव दिसले तर काय करावे? आम्ही नवीन खातेदाराचे जे करीत असू, तेच करावे. आधी पत्ता पाहावा. नावावर उजवी कळ दाबून 'ओपन फाइल लोकेशन' निवडले, की फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते कळते. अस्सल 'सर्व्हिस होस्ट' विंडोजच्या 'सिस्टम ३२' मध्ये राहतो. त्याच नावाचा इसम डाउनलोड्समध्ये किंवा तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये आढळला, तर तो तोतया समजावा. काही तोतये नावातील दोन अक्षरांची केवळ अदलाबदल करतात. धनादेशावरील नाव अक्षर अक्षर लावून वाचण्याची आमची सवय येथे कामी येते. त्यानंतर सही पाहावी. 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' हा भाग असतो. कोणत्या कंपनीने तो प्रोग्रॅम स्वाक्षरी करून दिला, हे तेथे दिसते. सही नसली म्हणून लगेच गुन्हेगार ठरवू नये, पण चौकशी वाढवावी. खात्री पटेपर्यंत 'एंड टास्क'ला हात लावू नये. विंडोजच्या काही मूलभूत प्रक्रिया बंद केल्या, तर सारे यंत्रच कोसळते आणि न साठवलेले काम जाते.

मात्र नाव आणि सही एवढ्यावर विसंबून चालत नाही, हे आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे संगणक बंद पडले. कंटेनरची कामे हाताने करण्याची पाळी आली. या संकटाचा उगम ऐकून माझ्यातला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी हादरला होता. युक्रेनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला होता. शिवाय स्वतःचे काम त्याने विंडोजच्याच 'रनडीएलएल ३२' या अस्सल प्रोग्रॅमच्या हातून करून घेतले. म्हणजे यादीत दिसणारे नाव खरे, पत्ताही खरा, हेतू मात्र भलत्याचा.

हे सारे ठाऊक असूनही त्या दुकानात मी चुकलो, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पहारेकऱ्याचे प्रकरण मिटल्यावर मी बाकीची यादी वरवर पाहिली. त्यात दूरच्या संगणकावरून काम करण्याचा एक प्रोग्रॅम शांत बसलेला होता. प्रोसेसरचा वापर शून्य, पत्ता 'प्रोग्रॅम फाइल्स'चा, सही एका नामांकित कंपनीची. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ असे प्रोग्रॅम वापरतात, म्हणून तोही त्यांचाच असावा असे मी गृहीत धरले आणि 'सर्व ठीक आहे' असा निर्वाळा देऊन घरी आलो. विचारले मात्र नाही.

दोन दिवसांनी चहा घेताना तो सहज बोलून गेला. पंधरवड्यापूर्वी पडद्यावर अचानक लाल पान आले होते, मोठा आवाज येत होता आणि 'या क्रमांकावर संपर्क साधा' असे लिहिले होते. त्याने फोन केला. पलीकडच्या गृहस्थाने गोड बोलून एक प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावला, पडद्यावर आलेला नऊ आकडी क्रमांक विचारला, विंडोजच्या नोंदवहीतील नेहमीच्या किरकोळ त्रुटी दाखवून 'तुमचे यंत्र पोखरले आहे' असे सांगितले आणि सफाईचे पैसे मागितले. तेवढ्यात वीज गेली, फोन तुटला आणि आमचा मित्र तो प्रकार विसरूनही गेला.

माझ्या हातातला कप तसाच राहिला. त्या संगणकावर नेट बँकिंग होते आणि चार दिवसांवर दुधाचा पगार होता, म्हणजे दहा दिवसांच्या दुधाचे, कित्येक घरांच्या चुलीचे पैसे.

आम्ही तडक दुकानात गेलो. प्रथम इंटरनेटची तार काढली. पासवर्ड त्या यंत्रावर न बदलता घरातील दुसऱ्या फोनवरून बदलले. बँकेत कळवून नेट बँकिंग तात्पुरते थांबवले आणि खात्याचा उतारा ओळ न ओळ तपासला. पैसे गेले नव्हते. गेले असते, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी लागली असती, कारण अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचे असते. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात, ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिल्यामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत त्यालाच सोसावे लागेल, असे ठरवलेले होते. हा नियम मी कित्येक ग्राहकांना समजावून सांगितला होता. स्वतःच्या शेजाऱ्याला सांगायचे राहून गेले होते.

त्यानंतर 'स्टार्टअप' आणि 'सर्व्हिसेस'च्या याद्या पाहिल्या. यंत्र सुरू होताच आपोआप चालू होण्याची सोय तो प्रोग्रॅम करून बसला होता. 'एंड टास्क'ने असा पाहुणा तेवढ्यापुरता उठतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होतो. म्हणून 'सेटिंग्ज'मधील 'अ‍ॅप्स'च्या यादीतून तो रीतसर काढून टाकला. मग डिफेंडरची ऑफलाइन तपासणी लावली. तिच्यात विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वीच यंत्र तपासले जाते आणि सुमारे पाव तास लागतो. हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो कपाटात ठेवला. हिशेबाच्या तंत्रज्ञाला फोन करून विचारले, तर त्याचा प्रोग्रॅम वेगळाच निघाला.

दुधाचा पगार ठरल्या दिवशी झाला, बँकेत जाऊन धनादेशाने. रांगेत उभे राहावे लागल्याबद्दल त्याने माझ्याकडे थोडी कुरकुर केली, ती मी ऐकून घेतली.

आता त्याच्या संगणकाशेजारी लाल कापडी बांधणीची एक वही असते, वडिलांच्या काळातील कोरी राहिलेली. यंत्रात नवीन प्रोग्रॅम आला की तारीख, नाव, कोणी टाकला आणि कशासाठी, एवढी नोंद तीत होते. परवा गेलो तेव्हा तीन नोंदी झाल्या होत्या. तिसरी त्याच्या मुलीच्या अक्षरात होती: 'प्रिंटरचा प्रोग्रॅम. नवा प्रिंटर आणला म्हणून. पप्पांना विचारून टाकला.'