जोडीतील डिस्क कशी बदलावी

घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईने इतकी वर्षे काम केले, हे सिद्ध करायला वहीतील नोंदीवाचून दुसरा भरवशाचा साक्षीदार क्वचितच असतो. १९७७ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा बिडी उद्योगाला लागू झाला आणि या नोंदीचे मोल आणखी वाढले. कारण नोंद गेली की हक्कही गेल्यासारखाच. आता अशा वह्या संगणकात जात आहेत. परंतु वहीला वाळवी लागते, तसे डिस्कलाही मरण आहे. म्हणून संघटनेच्या, पतसंस्थेच्या किंवा ग्रंथालयाच्या कचेरीत संगणक सांभाळणाऱ्यांनी डिस्कच्या जोडीचे शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

जोडी म्हणजे काय? एकच हिशेब दोन कारकुनांनी दोन वह्यांत एकाच वेळी उतरावा, तशी लिनक्स ही प्रणाली प्रत्येक नोंद दोन डिस्कवर लिहिते. एक बंद पडली तरी दुसरीवर काम चालते. अमेरिकेतील बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व काट्झ यांनी १९८८ साली स्वस्त डिस्क एकत्र बांधण्याच्या पद्धतींना ‘रेड’ हे नाव दिले. आपली जोडी हा त्यांतील पहिला प्रकार होय. मात्र जोडी म्हणजे राखीव प्रत नव्हे. चुकून नोंद पुसली, तर ती दोन्हीकडून पुसली जाते. यास्तव कामाला हात घालण्यापूर्वी सर्व मजकुराची एक प्रत वेगळ्या जागी ठेवावी.

समजा, १ टेराबाइटच्या दोन डिस्कच्या जागी ४ टेराबाइटच्या बसवायच्या आहेत. पहिली काळजी ओळखीची. लिनक्सने डिस्कला दिलेली नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. म्हणून डिस्कवर छापलेला अनुक्रमांक ताडून पाहावा. नव्या डिस्क २ टेराबाइटहून मोठ्या असल्याने त्यांवर विभाग पाडताना जुनी ‘एमबीआर’ पद्धत पुरत नाही, ‘जीपीटी’ घ्यावी.

यंत्रात तिसरी जागा असेल, तर जुनी न काढता नवी आत घालावी, तिला ‘एमडीएडीएम’ या साधनाने जोडीत घ्यावे व ‘रिप्लेस’ आज्ञा द्यावी. नक्कल पूर्ण होईपर्यंत जुनीही कामावर राहते. जागा नसेल, तर जुनीला ‘फेल’ ठरवून ‘रिमूव्ह’ने वगळावी आणि नवीला ‘अ‍ॅड’ने घ्यावे. या रीतीत नक्कल होईतो सारा भार एकाच डिस्कवर असतो. सेकंदाला १५० मेगाबाइट वेग धरला तरी १ टेराबाइटला जवळजवळ दोन तास लागतात. तोवर दुसऱ्या डिस्कला हात लावू नये. संगणक याच जोडीवरून सुरू होत असेल, तर ‘बूटलोडर’ दोन्ही नव्या डिस्कवर बसवावा.

दोन्ही डिस्क बदलल्या तरी जागा १ टेराबाइटच दिसते. असे का, हे आपल्या जिल्ह्यातील मालगुजारी तलावांवरून कळेल. पाळ उंच केली, पण सांडवा होता तेवढाच ठेवला, तर थेंबभरही जास्त पाणी साठत नाही. ‘ग्रो’ आज्ञेने जोडीचा आकार वाढवणे म्हणजे पाळ उंच करणे. तिच्यावरील फाइलप्रणाली वाढवणे म्हणजे सांडवा उंच करणे. ईएक्सटी-४ साठी ‘रिसाइझ-टू-एफएस’ आणि एक्सएफएससाठी ‘एक्सएफएस-ग्रोएफएस’ हे साधन आहे. आकार कमी करायचा तर क्रम उलटा: आधी सांडवा खाली घ्यावा, मग पाळ. पाळ आधी उतरवली तर पाणी, म्हणजे मजकूर, वाहून जाईल. एक्सएफएस लहान करता येत नाही, असेच धरून चालावे.

शेवटी ‘एमडीस्टॅट’मध्ये दोन्ही डिस्क हजर आहेत ना, हे पाहावे, चार जुन्या नोंदी उघडून तपासाव्या. जुन्या डिस्कवर लोकांची नावे व खाती असतात. त्या पुसल्यावाचून भंगारात देऊ नयेत. आणि ही सारी विद्या एकाच जाणकाराच्या डोक्यात राहू नये. कामाचा क्रम कागदावर लिहून कचेरीत लावावा, आणि निदान दोघांनी तो शिकून घ्यावा. नोंदी साऱ्यांच्या आहेत, तेव्हा त्यांची राखणही साऱ्यांनी करायची आहे.