भरत चाललेले टाके

तळ्याच्या मागे तळगड उभा आहे. गडावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यातल्याच एका टाक्याची कल्पना करा. दर तासाला त्यात दोन हंडे पाणी पडते आणि फटीतून एक हंडा झिरपून जाते. पाणी काठाशी आले. कोणी म्हणाले, "घाबरू नका, दोनाचे तीन हंडे होऊ देणार नाही!" टाके भरायचे थांबेल का?

हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे असेच आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आणि जंगले तोडून आपण जो वायू सोडतो, त्यातला साधारण निम्मा झाडे, माती आणि समुद्र शोषतात. उरलेला साठत राहतो. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावर मोजणी सुरू केली, तेव्हा ३१५ च्या आसपास होता. २०२४ ची सरासरी ४२० च्याही पुढे गेली.

पातळी आहे तिथेच रोखायची, तर उत्सर्जन साठ टक्क्यांहून अधिक घटवावे लागेल, असे आयपीसीसीच्या शास्त्रज्ञांनी १९९० मध्येच सांगितले होते. पुढे तर ते जवळजवळ शून्यावर आणावे लागते. कारण साठा वाढायचा थांबला, की समुद्राचे शोषणेही मंदावते.

मग उन्हाळ्यात शेतकरी राब भाजतो, तो गुन्हेगार का? पाचोळ्यातला कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला असतो. झाड जगले, तर नव्या पालवीत तो परत जातो. दगडी कोळशातला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता. राज्यातली बरीचशी वीज अजून त्याच कोळशावर होते. चंद्रपूरच्या केंद्राचीच क्षमता २९२० मेगावॅट आहे. आपल्या घरातल्या पंख्याचा धूर आपल्याला दिसत नाही, एवढेच.

३ जून २०२० चे 'निसर्ग' वादळ रायगडकर विसरलेले नाहीत. उभ्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. त्या एका वादळाचे खापर या वायूवर फोडता येणार नाही. पण तापलेला समुद्र वादळांना बळ देतो, हे खरे.

भारताने २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचे ठरवले आहे. तोवर कारखाना असो, सरकार असो वा आपले घर, दरवर्षी एकच हिशेब मागावा : वाढ किती रोखली हे नको, आपला हंडा कितीने कमी झाला?