तान्ह्या बाळाच्या अंगावरील पुळ्या : दुर्लक्ष नको

वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यात आवणीच्या दिवसांत पावसाची झड लागते. दुपटी वाळत नाहीत, बाळाची मान, काख व जांघ ओलसर राहते. अशा वेळी अंगावर पूवाच्या पुळ्या उठतात किंवा फोड फुटून मधाच्या रंगाची खपली धरते. हा स्टॅफिलोकॉकस व स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूंचा संसर्ग होय. तो हाताने, टॉवेलने व कपड्यांतून पसरतो.

धोका केव्हा?
दोन महिन्यांच्या आतील बाळाला एखादी पुळी आली तरी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवावे. दहा किंवा अधिक पुळ्या, मोठे गळू, नाळेभोवती पसरणारी लाली, अंगावर न पिणे, मलूल होणे, ताप येणे किंवा अंग गार पडणे, जलद श्वास, झटके यांपैकी काहीही दिसल्यास जंतू रक्तात पसरल्याची शक्यता असते. तेव्हा रात्रीसुद्धा थांबू नये. १०२ किंवा १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. वाटेत बाळाला उबदार ठेवावे व पीत असल्यास अंगावर पाजत राहावे.

उपचार
मोठ्या बाळाच्या थोड्या पुळ्या साबण व कोमट पाण्याने दिवसातून दोनदा धुवाव्यात. खपली भिजवून हलकेच काढावी. डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे. पुळी पिळू नये. प्रतिजैविक औषध दिले असल्यास पुळ्या सुकल्या तरी ठरलेले दिवस पूर्ण द्यावे.

हे करू नका
शेण, राख, चुना, तंबाखू लावू नये. खाजेचे मलम मनाने आणू नये. त्यातील स्टिरॉइडमुळे जंतू बळावतात. गायीच्या कासदाहाची ट्यूब बाळाला कधीही वापरू नये. कासदाहास कारण होणाऱ्या जिवाणूंतही स्टॅफिलोकॉकस असतो, म्हणून धार काढून झाल्यावर हात साबणाने धुऊनच बाळाला घ्यावे.

प्रतिबंध
बाळाची नखे कापावीत. घड्या कोरड्या ठेवाव्यात. दुपटी उन्हात, ऊन नसल्यास चुलीच्या उबेला पूर्ण वाळवावीत. नाळेला काहीही लावू नये. घरात कोणास खरूज असल्यास सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत.

गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तेथील नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. आज आशाताई ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या वेळी बाळाचे कपडे काढून सर्व अंग त्यांना दाखवावे. आवणी एक दिवस लांबली तरी भरून काढता येते. बाळाच्या उपचारातील दिरंगाई भरून निघत नाही.