खेळण्यातल्या विटा आणि मापाचा हुन्नर

प्लास्टिकच्या छोट्या विटा एकमेकींत अडकवून मुले किल्ला, बंदर, अख्ख्या बाजाराचा देखावा उभा करतात. या लेगो विटांची कंपनी डेन्मार्कमधील बिलुंड गावच्या एका सुताराने १९३२ साली लाकडी वस्तूंपासून सुरू केली. हुन्नर आहे तो मापाचा. १९५८ ची वीट आजच्या विटेत घट्ट बसते. पेटंटची मुदत केव्हाच संपली. वीट कोणीही बनवावी, नाव मात्र स्वतःचे लावावे. मिरजोळ्यासारख्या औद्योगिक वसाहतीत हा धंदा काढणाऱ्याने आधी साच्यावर पैसा घालावा. साचा केसभर चुकला तर सगळा देखावा ढासळतो. दुकानदार बांधवांनीही माल भरताना आयएसआय शिक्का पाहावा. १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना मात्र सूट आहे. तेव्हा लाकडी खेळणी करणाऱ्यांनी नोंदणी लांबवू नये.