२५ हजार तासांचा एलईडी बल्ब दोन वर्षांतच का जातो?

बॉक्सवर छापलेलं असतं, आयुष्य २५ हजार तास. रोज सहा तास लावला तरी हा हिशेब ११ वर्षांच्या पुढे जातो. प्रत्यक्षात अनेक घरांत दीड-दोन वर्षांतच बल्ब लुकलुकायला लागतो आणि एक दिवस बंद पडतो. मग बॉक्सवरचा आकडा खोटा का? तसंही नाही.

जुन्या पिवळ्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापायची आणि तिचा उजेड पडायचा. बहुतेक वीज उष्णतेतच जायची, उजेडाच्या वाट्याला जेमतेम पाच टक्के. एलईडी, म्हणजे लाइट एमिटिंग डायोडमध्ये, तारेऐवजी सेमीकंडक्टरची बारीक चिप असते. तिच्या एका थरात इलेक्ट्रॉन जास्त, तर दुसऱ्यात त्यांच्यासाठी रिकाम्या जागा. वीज सोडली की इलेक्ट्रॉन त्या जागांत जाऊन बसतात आणि जास्तीची ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतात. प्रकाशाचा रंग चिप कशाची बनली आहे त्यावर ठरतो.

गंमत म्हणजे, घरातला पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा लेप असतो. थोडा निळा प्रकाश शोषून तो लेप पिवळा प्रकाश देतो आणि दोन्ही मिसळून डोळ्यांना पांढरं दिसतं. मोबाइलचा टॉर्च बंद असताना त्याच्या भिंगाआड दिसणारा पिवळा ठिपका हाच. लाल एलईडी १९६२ मध्येच आला होता, पण चांगला झगझगीत निळा मिळायला १९९० चं दशक उजाडलं. त्या कामासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सिग्नल, टीव्हीचा पडदा, गाड्यांचे हेडलाइट, सगळीकडे आता हीच चिप आहे. शेवंतीच्या पॉलिहाऊसमध्येही रात्री एलईडी लावतात. शेवंतीला फुलायला मोठी रात्र लागते. मध्येच उजेड दिला की फुलणं लांबतं आणि शेतकऱ्याला तोडणीची वेळ साधता येते.

आता बल्ब का जातो ते पाहू. ‘एलईडी तापत नाही’ हा गैरसमज आहे. चिप तापते, फक्त ती उष्णता उजेडासोबत पुढे न येता मागे, बल्बच्या बुडाकडे जाते. आणि नेमकं तिथेच ड्रायव्हर नावाचं सर्किट बसवलेलं असतं. घरातली २३० व्होल्टची एसी वीज चिपला चालेल अशा डीसीमध्ये बदलायचं काम ड्रायव्हरचं. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये एक द्रव असतो. सततच्या उष्णतेने तो हळूहळू सुकतो, आणि ड्रायव्हर मान टाकतो. चिप बऱ्याचदा ठणठणीतच असते. बॉक्सवरचे तास साधारणपणे चिपचा उजेड ७० टक्क्यांवर उतरेपर्यंतचे असतात. ड्रायव्हर तितका टिकेल, याची हमी त्या आकड्यात नसते.

कधी चिपही दगा देते. बल्बमधल्या चिप बहुधा एकामागून एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एक जळाली की सगळ्याच विझतात. दिवाळीच्या जुन्या माळेसारखंच हे.

म्हणूनच सगळीकडून बंद असलेल्या काचेच्या शेडमध्ये बल्ब लवकर जातो; उष्णतेला बाहेर पडायला वाटच नसते. खूप स्वस्त बल्बमध्ये काटछाट बहुधा ड्रायव्हरमध्येच झालेली असते. असे बल्ब लावून रील शूट केलं तर व्हिडिओत सरकत्या काळ्या पट्ट्या दिसतात. आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या विजेमुळे उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, चांगला ड्रायव्हर ते सावरून घेतो. कॅमेऱ्यात ५० हर्ट्‌झचं अँटी-फ्लिकर सेटिंग असेल, तर ते चालू करून पाहावं.

बटण बंद करूनही बल्ब मिणमिणतो, यामागे मात्र बल्बचा दोष असतोच असं नाही. बटणातल्या छोट्या इंडिकेटरमधून किंचित वीज झिरपत राहते आणि एलईडीला तेवढीही पुरते. इंडिकेटर नसतानाही असं होत असेल तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलं गेलंय का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. तसं असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये करंट असतो आणि बल्ब बदलताना शॉक बसू शकतो.

राहिला पैशांचा प्रश्न. रोज सहा तास लावलेला ६० वॅटचा जुना बल्ब महिन्याला १०.८ युनिट वीज खातो, तर जवळपास तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी १.६ युनिट. म्हणजे दोन वर्षांत गेला तरी तोवर त्याने सव्वादोनशेच्या आसपास युनिट वाचवलेली असतात. तरी बिल जपून ठेवलेलं बरं, कारण अनेक बल्बवर एक-दोन वर्षांची वॉरंटी असते आणि ती मागायला फारसं कुणी जात नाही.