सात विमानतळ, एक मालक

बाजारात कोणी गुन्हा केला आहे काय हे पाहणे निराळे, आणि कोणीही गुन्हा केलेला नसताना तो बाजार आपले काम नीट बजावतो आहे काय याची तपासणी करणे निराळे. 2007 साली ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाकडे सोपवलेले विमानतळांचे प्रकरण या दुसऱ्या जातीचे होते. हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड यांच्यासह सात विमानतळ बीएए नावाच्या एकाच कंपनीच्या ताब्यात असल्यामुळे, ही मालकी विभागलेली असती तर प्रवासी आणि विमानकंपन्या यांना आपल्याकडे ओढण्यासाठी त्यांनी परस्परांत चढाओढ केली असती काय, असा काल्पनिक, परंतु माझ्या मते अत्यंत मार्मिक, प्रश्न आयोगाने स्वतःपुढे ठेवला. (आपल्याच दोन दुकानांत भाव पाडण्याची हौस कोणाला असते?) दफ्तर तपासून व साक्षी घेऊन 2009 च्या मार्चमध्ये त्याने निर्णय दिला, की गॅटविक, स्टॅनस्टेड आणि एडिंबरा-ग्लासगो यांपैकी एक, असे तीन विमानतळ कंपनीने विकावेत. कंपनीने न्यायालयात दाद मागितली, पण अखेर तिचे काही चालले नाही. गॅटविक 2009 मध्ये, एडिंबरा 2012 मध्ये आणि स्टॅनस्टेड 2013 मध्ये विकला गेला. हीथ्रो मात्र जुन्या मालकाकडेच राहिला.